नवं रिव्हॉल्व्हर घेताना: काउंटरवरची तपासणी, रेंजवरची चाचणी

पेटीतून पहिल्यांदा बाहेर काढलेलं रिव्हॉल्व्हर, आणि नळी चौकटीत किंचित तिरपी बसलेली. काडतूस बसायच्या सहा भोकांपैकी, म्हणजे चेंबरांपैकी, पाच नळीसमोर वेळेवर लॉक होतात, सहावं होत नाही. रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरच्या चांदणीवर मिलिंगची बर, म्हणजे कापकामातून उरलेली धातूची धारदार कड, तशीच राहिलेली. अमेरिकेतल्या दुकानांत असे नग आता इतके दिसतात की नवं म्हणजे निर्दोष हे गृहीत धरून पैसे मोजणं बरोबर नाही. महाग मॉडेलही याला अपवाद नाहीत. यातले बहुतेक दोष मात्र काउंटरवर उभ्या उभ्या, वीस-पंचवीस मिनिटांत पकडता येतात. ते कसे पकडायचे, आणि कुठला दोष किती गंभीर, ते इथे सविस्तर दिलं आहे. पद्धत मुख्यतः बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरच्या डबल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरसाठी आहे. डबल-अ‍ॅक्शन म्हणजे चाप ओढला की हॅमर मागे जाऊन सुटतो; हॅमर आधी अंगठ्याने मागे घेऊन चाप ओढला तर ते सिंगल-अ‍ॅक्शन. भारतातल्या .32 बोअरच्या रिव्हॉल्व्हरसाठी काय बदलतं ते शेवटी येईल.

घसरण नेमकी कुठे झाली

पिस्तुलाला एकच चेंबर असतं. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच, सहा किंवा सात चेंबर एकाच नळीसमोर, दर वेळी त्याच जागी येऊन थांबावी लागतात. प्रत्येक चेंबरसाठी रॅचेटवर, म्हणजे सिलिंडर फिरवणाऱ्या दातेरी चकतीवर, एक दात आणि सिलिंडरवर एक खाच असते. त्यातल्या एकाच दाताचं माप चुकलं तरी तेवढं एक चेंबर कायमचं उशिरा लॉक होतं. पूर्वी ही मापं फिटर जुळवायचे. सिलिंडर बसवायचा, फिरवून बघायचा, कानशीने एक-दोन हात मारायचे, पुन्हा बसवायचा. 1955 मध्ये आलेलं कोल्ट पायथन अशाच हातजुळणीसाठी नावाजलं गेलं आणि त्याच खर्चापायी महागही पडत गेलं. 2005 पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं. 2020 मध्ये ते परत आलं तेव्हा आतली यंत्रणा नव्याने आखलेली होती. सुटे भाग कमी होते आणि ते संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर थेट मापात उतरतील असे होते.

स्मिथ अँड वेसनची मूळ रचना मात्र 1899 च्या हँड इजेक्टर मॉडेलांपर्यंत मागे जाते. तिच्यात बदल झाले ते टप्प्याटप्प्याने. 1982 च्या सुमारास नळीतली आडवी पिन आणि मॅग्नम सिलिंडरमधली काडतुसाच्या कडेसाठीची खोलगट बैठक गेली. 1990 च्या दशकात हॅमर आणि चाप घडीव पोलादाऐवजी एमआयएम (मेटल इंजेक्शन मोल्डिंग) पद्धतीने बनू लागले. 2001 मध्ये मालकी बदलली आणि डाव्या बाजूला किल्लीचं कुलूप आलं. काही मॉडेलांत नळी दोन भागांची झाली, आत पातळ नळी आणि वरून बाही.

चाहत्यांचा सगळा राग एमआयएमवर निघतो आणि तो चुकीच्या जागी आहे. या पद्धतीत धातूची अतिसूक्ष्म भुकटी बाइंडरमध्ये मिसळून साच्यात दाबतात, मग बाइंडर काढून भाग भट्टीत भाजतात. तो भाजताना साधारण 15 ते 20 टक्के आकसतो. आकसण्याचा हिशेब नीट बसला तर एमआयएमचा चाप आयुष्यभर टिकतो. रूगरची ओतीव चौकटही अशीच उगाच बदनाम आहे. 1985 पासून बनणारं जीपी100 ओतीव चौकटीचंच आहे आणि दणकट आहे.

आमच्या मते खरं दुखणं वेगळं आहे. जी रचना फिटरचा हात लागणार हे धरून आखली होती, तीच आता फिटरला पुरेसा वेळ न देता जोडली जाते आणि शेवटची तपासणी घाईत उरकते. म्हणून एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तर एक अप्रतिम निघतो आणि दुसरा परत पाठवावा लागतो. मॉडेलचं नाव बघून यातलं काही कळत नाही. हातात आलेला नगच तपासावा लागतो.

सोबत काय न्यावं

फीलर गेजचा, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा संच, ज्याची सर्वात पातळ पाती दीड थाऊची आहे असा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.025 मिलिमीटर. त्याच बोअरची सहा डमी काडतुसं, छोटा टॉर्च, कापसाच्या दोन-चार काड्या, मास्किंग टेपचा तुकडा. जमलं तर नळीच्या आत बघायला फोनला जोडायचा बारीक कॅमेरा, म्हणजे बोअरस्कोप.

आधी दुकानदाराची परवानगी घ्या. रिकामा चाप ओढणार आहोत आणि सिलिंडर व नळी यांमधली गॅप मोजणार आहोत हे स्पष्ट सांगा. परवानगी मिळाली नाही तर दुसरं दुकान गाठा. सिलिंडर उघडून प्रत्येक चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा, दुकानदारालाही बघू द्या. खरी काडतुसं त्या काउंटरवर नकोत. डमी भरल्यावर आणि काढल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा बघा. नळी सतत सुरक्षित दिशेला राहील. .22 रिमफायर असेल तर डमीशिवाय रिकामा चाप ओढू नका. फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून ठोकर पडते.

अमेरिकेत ही सगळी तपासणी फॉर्म 4473, म्हणजे खरेदीदाराने भरायचा सरकारी फॉर्म, भरण्याआधी करायची. एकदा हस्तांतर झालं की व्यवहारात ते वापरलेलं शस्त्र ठरतं. मग बहुतेक दुकानं परत घेत नाहीत आणि तुमची गाठ थेट कंपनीच्या सेवा विभागाशी पडते.

आधी डोळ्यांनी

रिव्हॉल्व्हर हातभर लांब धरून मागून बघा. पुढची माशी, म्हणजे नेम धरायची नळीवरची खूण, चौकटीच्या वरच्या पट्टीशी काटकोनात उभी हवी. नळी आट्यांवर आवळताना जास्त किंवा कमी फिरली तर माशी एका बाजूला झुकते. मागची साइट कमी-जास्त करता येणारी असेल तर तिचं पातं मध्यभागी आहे का ते पाहा. कारखान्यातूनच ते एका टोकाला सरकवलेलं असेल तर तिरपी नळी झाकायचा तो प्रयत्न असू शकतो. साइट पक्की असेल आणि माशी तिरपी असेल तर तो नग घेऊच नका. गोळ्या बाजूला जाणार आणि तुमच्या हातात दुरुस्त करण्यासारखं काही उरणार नाही.

मग नळीचं पुढचं तोंड. कापसाची काडी आतून बाहेर, कडेवरून सगळीकडे हलकेच फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे बर आहे. नळीच्या मागच्या टोकाशी, जिथे गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते त्या शंकूच्या आकाराच्या भागातही टॉर्च मारून बघा. तिथले कटरचे खोल ओरखडे शिसं पकडतात.

सिलिंडर उघडा, हळू फिरवा आणि इजेक्टर रॉडच्या टोकाकडे नजर ठेवा. टोक गोल गोल डोलत असेल तर रॉड वाकलेला आहे किंवा ढिला आहे. स्मिथ अँड वेसनच्या रॉडला 1960 च्या सुमारापासून उलटे आटे आहेत, घट्ट करायचा तर घड्याळाच्या उलट दिशेने. ढिला झालेला रॉड पुढे सरकून सिलिंडर बंद स्थितीत अडकवतो आणि मग तो उघडतच नाही. नव्या मालात हा दोष वरचेवर सापडतो. घरी घट्ट करताना चेंबरमध्ये डमी किंवा रिकाम्या पुंगळ्या भरून घ्या, नाहीतर सगळा पीळ चांदणीवर येतो.

गॅप आणि पुढे-मागे हालचाल

सिलिंडर बंद, हॅमर खाली. अंगठ्याने सिलिंडर मागे दाबून धरा आणि त्याचं तोंड व नळीचं टोक यांमध्ये पाती सरकवा. सहज जाते ती सर्वात जाड पाती म्हणजे तुमची गॅप. आता सिलिंडर पुढे दाबून पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे हालचाल, जिला इंग्रजी जाणणारे एंडशेक म्हणतात.

4 ते 6 थाऊ, म्हणजे 0.10 ते 0.15 मिलिमीटर गॅप उत्तम. 8 पर्यंत चालेल. 10 किंवा जास्त असेल तर नवा नग घेऊ नका. वायू वाया जातो, वेग घटतो आणि बाजूने ठिणग्या व कण उडतात. उलट 3 थाऊपेक्षा कमी गॅप काउंटरवर सुबक वाटते, पण चाळीसेक राउंड झाले की काजळी साचते, सिलिंडर तापून फुगतो आणि घासू लागतो. स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये मला 7 थाऊ चालतील, 2 चालणार नाहीत.

पुढे-मागे हालचाल 1 ते 3 थाऊ असावी. 5-6 वर गेली तर मोठ्या दाबाच्या काडतुसांनी ती भराभर वाढते. गनस्मिथ क्रेनच्या, म्हणजे सिलिंडर बाजूला उघडतो त्या हाताच्या, नळीवर पातळ पोलादी वॉशर घालून ती कमी करतो, पण नव्या नगाला पहिल्याच दिवशी वॉशर का लागावा?

आणखी एक माप बहुतेक जण घेत नाहीत. तीच पाती डावीकडून आणि उजवीकडून वेगवेगळी सरकवून बघा. एकीकडे 4 आणि दुसरीकडे 8 आलं तर नळीचं टोक काटकोनात कापलेलं नाही. 4 ची पाती आरपार गेली म्हणून गॅप बरी दिसते, दोष मात्र तसाच असतो. हे प्रत्येक चेंबर नळीसमोर आणून करा. चेंबरागणिक माप बदलत असेल तर सिलिंडरचं तोंडच सरळ नाही.

टायमिंग

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण हे करा. एका चेंबरशेजारी टेपचा तुकडा चिकटवा, म्हणजे कितवं चेंबर चाललंय ते चुकणार नाही. सिलिंडरमध्ये डमी भरा. स्मिथ अँड वेसन धाटणीच्या सिलिंडरमध्ये चांदणी रिकाम्या चेंबरांवर जराशी फिरू शकते. पुंगळ्या नसतील तर चांगलं रिव्हॉल्व्हरही उशिरा लॉक होतंय असं वाटतं. या एका कारणाने कित्येक चांगले नग उगाच नाकारले जातात.

आता डाव्या हाताच्या बोटाचा अगदी हलका अटकाव सिलिंडरला ठेवा आणि अंगठ्याने हॅमर शक्य तितका सावकाश मागे घ्या. दोन आवाज ऐकायचे आहेत. एक, सिलिंडर जागी अडकवणारा खटका, म्हणजे सिलिंडर स्टॉप, खाचेत पडल्याचा. दुसरा, हॅमर पूर्ण मागे अडकल्याचा. स्टॉपचा आवाज आधी यायला हवा, फार तर दोन्ही एकदम. हॅमर अडकल्यावर बोटाने सिलिंडर पुढे ढकलला आणि तेव्हा कुठे टक् झालं, तर ते चेंबर उशिरा लॉक होतंय. सहाही चेंबरसाठी करा. मग हाच अटकाव ठेवून डबल-अ‍ॅक्शनमध्ये, चाप सावकाश ओढून पुन्हा सहा वेळा.

एकच चेंबर उशिरा येत असेल तर रॅचेटचा तो एक दात कमी पडला आहे. सगळीच येत असतील तर सिलिंडर ढकलणारी पट्टी आखूड आहे. दोन्हीचा उपाय गनस्मिथकडे किंवा कंपनीकडे. उशिरा लॉक होणाऱ्या चेंबरमधली गोळी नळीच्या कडेला घासून शिरते, शिशाचे तुकडे बाजूच्या माणसाच्या अंगावर उडतात आणि हळूहळू नळीचं टोक खराब होतं.

सावकाश चालणारं रिव्हॉल्व्हर वेगात चुकतं, असंही होतं. म्हणून अटकाव न ठेवता डबल-अ‍ॅक्शनमध्ये झटपट सहा वेळा चाप ओढा. सिलिंडर खाच ओलांडून पुढे गेला तर स्टॉपची स्प्रिंग कमजोर आहे किंवा खाचा उथळ कापल्या आहेत. सिलिंडरवर फिरण्याची बारीक रेघ उमटते ती दोष नाही.

हॅमर पडल्यावर चाप मागेच दाबून ठेवा आणि सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. जुनं कोल्ट या क्षणी अजिबात हलत नसे. स्मिथ आणि रूगर जरासे हलतात, ते चालतं. प्रत्येक चेंबरला हालचाल सारखी हवी.

शेवटी हॅमर पूर्ण मागे अडकवून, चापाला न शिवता, अंगठ्याने मागून बेताचा दाब द्या. हॅमर सुटला तर ते रिव्हॉल्व्हर तिथेच ठेवून द्या. याला तडजोड नाही.

चेंबर आणि नळी एका रेषेत आहेत का, हे बघायला कुणी नळीच्या तोंडाशी डोळा नेतात. तसं करू नका. बोअरस्कोप घाला, किंवा गनस्मिथकडून रेंज रॉडने तपासून घ्या. ही मापी सळई प्रत्येक चेंबरमध्ये न अडखळता उतरली पाहिजे.

चेंबरचं पुढचं भोक आणि नळीतला आवळ

.38 आणि .357 च्या रिव्हॉल्व्हरमध्ये चेंबरचं पुढचं भोक साधारण .357 ते .3585 इंच असावं. .357 ची जॅकेटवाली, म्हणजे तांब्याचं आवरण असलेली, सुटी गोळी बोटाच्या दाबाने प्रत्येक चेंबरमधून पुढे सरकायला हवी. एकातून घसरून पडते आणि दुसऱ्यात अडकते, असं असेल तर अचूकतेची आशा नको. .45 कोल्ट बोअरच्या काही रूगरमध्ये ही भोकं .450 च्या आसपास, म्हणजे .452 च्या शिशाच्या गोळीपेक्षा लहान निघालेली आहेत. गनस्मिथ रीमरने ती वाढवून देतो आणि काम फार महाग पडत नाही.

आट्यांवर घट्ट आवळलेली नळी चौकटीत शिरते तिथे आतून किंचित दाबली जाते. क्लीनिंग रॉडवर तेल लावलेला घट्ट पॅच बसवून पुढून मागे सावकाश ढकला. चौकटीपाशी येताच हाताला जोर लागू लागला तर तो आवळ आहे. जॅकेटवाल्या गोळ्या वापरणाऱ्याला एवढ्यासाठी नग नाकारायची गरज नाही. शिशाच्या गोळ्या वापरणाऱ्याने नाकारावा.

रेंजवर पहिले दोनशे राउंड

कारखान्यातलं तेल पुसा, चेंबर कोरडी करा. पहिला फेरा सिंगल-अ‍ॅक्शन, सहाही पुंगळ्या काढून प्रायमरवरचे, म्हणजे बुडाच्या ज्या टोपीवर फायरिंग पिन आपटते तिच्यावरचे, ठसे बघा. ठसा मध्यभागी आणि सारख्या खोलीचा हवा. दर वेळी एकाच चेंबरचा ठसा बाजूला पडत असेल तर ते चेंबर रेषेत नाही.

मग डबल-अ‍ॅक्शन. यात हॅमर कमी अंतर मागे जातो, त्यामुळे कमजोर फटका इथेच उघडा पडतो. फेडरल कंपनीचे प्रायमर मऊ असतात, सीसीआय कंपनीचे कडक. दोन्ही चालवा. फेडरल फुटतात आणि सीसीआय चुकतात असं दिसलं, आणि रिव्हॉल्व्हर स्मिथच्या 'के', 'एल' किंवा 'एन' आकाराच्या चौकटीचं (फ्रेमचं) असेल, तर मुठीच्या पुढच्या पट्टीत खालच्या बाजूला असलेला स्ट्रेन स्क्रू पूर्ण आवळलेला आहे का ते आधी बघा. हा स्क्रू सपाट स्प्रिंगला ताण देतो. अर्धा फेरा ढिला असला तरी प्रायमर चुकतात. चाप हलका वाटावा म्हणून तो ढिला करणारे दुकानातही भेटतात. छोट्या 'जे' फ्रेममध्ये कॉइल स्प्रिंग आहे, तिथे हा स्क्रू नसतो.

काडतूस फुटलं नाही तर नळी समोर ठेवून तीस सेकंद थांबा, मगच सिलिंडर उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर थांबा, रिव्हॉल्व्हर रिकामं करा आणि नळीत गोळी अडकलेली नाही हे सळईने पाहिल्याशिवाय पुढचा चाप ओढू नका.

पुंगळ्या निघताना अडकत असतील तर कुठल्या चेंबरमध्ये ते टेपच्या खुणेवरून ओळखा. एकाच चेंबरमध्ये होत असेल तर आत खरबरीत आहे. सगळीकडे होत असेल तर आधी दुसऱ्या कंपनीची काडतुसं चालवून बघा.

हलक्या वजनाच्या .357 मध्ये आणखी एक चाचणी करा. एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून खूण करा, ते शेवटचं ठेवून बाकीची चालवा आणि पुन्हा मोजा. झटक्याने गोळी पुंगळीतून पुढे सरकली असेल तर ती कधीतरी सिलिंडरच्या बाहेर डोकावून त्याचं फिरणंच बंद करेल. हा दोष काडतुसाचा, रिव्हॉल्व्हरचा नव्हे. घट्ट क्रिम्पची, म्हणजे पुंगळीची कड गोळीवर घट्ट दाबलेली, काडतुसं वापरायची.

दोनशे राउंडनंतर गॅप आणि पुढे-मागे हालचाल पुन्हा मोजा. दोन-एक थाऊंनी वाढली असेल तर कंपनीला कळवा.

दोष निघाला तर

बाजूची प्लेट उघडू नका, स्प्रिंग कापू नका, रॅचेटला कानस लावू नका. वॉरंटीच्या कामात यावरूनच वाद होतात. अमेरिकेत मालक आपलं रिव्हॉल्व्हर दुरुस्तीसाठी थेट उत्पादकाकडे पाठवू शकतो आणि ते थेट त्याच्याकडेच परत येऊ शकतं. पत्रात "टायमिंग खराब" एवढंच लिहिलं तर ते नुसतं पुसून तसंच परत येतं. "टेप लावलेल्या चेंबरपासून तिसरं, सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये उशिरा लॉक होतं, गॅप डावीकडे 4, उजवीकडे 8 थाऊ" असं लिहा आणि प्रायमरच्या ठशांचे फोटो जोडा. परत आल्यावर सगळी मापं पहिल्यापासून घ्या.

भारतातल्या परवानाधारकांसाठी

आयात बंद असल्यामुळे इथे नवं म्हणजे मुख्यतः कानपूरच्या सरकारी कारखान्यांचा माल. तिथलं .32 रिव्हॉल्व्हर आणि 2014 मध्ये आलेलं टायटॅनियम मिश्रधातूचं निर्भीक ही ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धाटणीची, वरून मोडणारी, म्हणजे नळी खाली झुकवून उघडणारी आहेत. त्यात क्रेन नाही, म्हणून तपासायची जागा बदलते. एका हाताने मूठ, दुसऱ्याने नळी धरून वर-खाली आणि बाजूला हलवा. बिजागरी किंवा वरची कडी इथे कणभरही हालचाल नको, कारण नळी आणि सिलिंडर दोन्ही त्या कडीवरच टिकून असतात. कडी हाताने उघडून दहा वेळा बंद करा. प्रत्येक वेळी ती आपोआप पूर्ण बसली पाहिजे. मोडताना चांदणी वर येऊन पुरती खाली बसते का तेही बघा. अर्धवट राहिली तर तिच्याखाली पुंगळी अडकते. 2023 मध्ये आलेल्या प्रबळचा सिलिंडर बाजूला उघडतो, त्याला वरची सगळी पद्धत लागू पडते. गॅप आणि टायमिंगची तपासणी दोन्ही प्रकारांना सारखीच. मिलिमीटरचा फीलर गेज कुठल्याही ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतो.

दोनशे राउंडची चाचणी इथे शक्य नाही. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते आणि झाडण्याची जागा मान्यताप्राप्त रेंजच असावी लागते. म्हणून काउंटरवरच्या तपासणीला इथे दुप्पट वेळ द्या. दोन-तीन नग मागून त्यातला निवडा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा ओळखीच्या लेथवाल्याकडे कितीही सफाई असली तरी रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे द्यायचं नाही. परवानाधारक विक्रेत्यामार्फतच पाठवा, आणि देताना मापांचा कागद सोबत जोडून त्याच्या प्रतीवर विक्रेत्याची सही-तारीख घ्या.